रात्रीची पायांची तळमळ

गिंडी हे नाव निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या कारणांनी ठाऊक आहे. घोड्यांच्या शर्यतींचा शौक असणाऱ्यांना ते तेथील मैदानामुळे दीर्घकाळ परिचित होते. निसर्गप्रेमी माणसाला गिंडी म्हटले की भर शहरात उरलेले एक छोटेसे रान आठवते. काळविटांचे आणि चितळांचे हे रान १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. परंतु ज्याला विद्येची ओढ आहे त्याच्या लेखी गिंडी ही एक विद्यानगरीच होय. १७९४ साली मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये भूमापनाची एक शाळा निघाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि १९२० साली ते गिंडीला आले. १९७८ साली स्थापन झालेल्या अण्णा विद्यापीठाचा ते आज गाभा आहे. त्याच रानाचा एक भाग घेऊन १९५९ साली मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. मद्रास विद्यापीठाचे कित्येक विज्ञानविभाग येथे आहेत, तामिळनाडूचे वैद्यकीय विद्यापीठ येथे आहे, आणि देवीची लस तयार करण्याच्या हेतूने १८९९ साली निघालेली किंग इन्स्टिट्यूट ही संस्थाही येथलीच. हजारो तरुण मुलेमुली घरदार सोडून या परिसरात राहतात, शिकतात आणि रात्री जागून अभ्यास करतात.

अशा एखाद्या विद्यार्थिगृहात रात्री बाराच्या सुमारास दिवे मालवले जातात. पंखे फिरत असतात. दिवसभराच्या व्याख्यानांनी आणि प्रयोगशाळेतील कामाने थकलेली मुले पाहता पाहता झोपी जातात. परंतु एखादा विद्यार्थी मात्र अंथरुणाला पाठ लागताच बेचैन होतो. त्याच्या पोटऱ्यांत आतल्या आत काहीतरी वळवळत आहे, पाय शिवशिवत आहेत, हाडांना जणू कोणी आतून ओढीत आहे, असे त्याला वाटते. पाय लांब करावेत, आखडून घ्यावेत, पुन्हा लांब करावेत, पण चैन पडत नाही. शेवटी तो उठतो आणि व्हरांड्यात येरझारा घालू लागतो. चालू लागताच पाय शांत होतात. पुन्हा पडताच त्यांची तळमळ सुरू होते. असे करता करता दोन वाजतात, कधी तीन वाजतात. सकाळी आठच्या वर्गात तो पेंगतो, आणि शिक्षकांच्या दृष्टीने तो आळशी ठरतो.

या तक्रारीचे स्पष्टीकरण त्याला सहसा कोणी देत नाही. मित्र म्हणतात, चेन्नईचा उकाडाच तसा. घरी कळविले तर आई म्हणते, दगदग झाली असेल, पायांना तेल चोळ. आणि कोणी वडीलधारे समोर असले तर बसल्या जागी पाय हलवू नयेत, ते अशुभ असते, हा उपदेश ठरलेलाच. त्या मुलाला स्वतःलाही आपल्या दुःखाला काय म्हणावे हे समजत नाही. दुखते असे म्हणावे तर ते दुखणे नव्हे, खाज म्हणावी तर ती खाजही नव्हे. ज्याचे नीट वर्णन करता येत नाही ते वैद्यापुढे मांडावे तरी कसे, या संकोचाने तो गप्प बसतो. परंतु वैद्यकशास्त्राला हा विकार चांगला ठाऊक आहे. इंग्रजीत त्याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात; मराठीत आपण त्याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणू.

हा विकार ओळखण्यासाठी कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. त्याची निश्चित अशी चार लक्षणे आहेत आणि ती चारही एकत्र असावी लागतात. पहिले लक्षण म्हणजे पाय हलविण्याची अनावर ऊर्मी. तिच्या जोडीला बहुधा पायांत खोलवर जाणवणारी एखादी चमत्कारिक, नकोशी संवेदना असते. दुसरे असे की, ही ऊर्मी विश्रांतीच्या वेळीच उत्पन्न होते किंवा वाढते. तिसरे, चालल्याने, पाय ताणल्याने किंवा चोळल्याने ती निदान तेवढ्यापुरती शमते. आणि चौथे, दिवसापेक्षा संध्याकाळी आणि रात्री ती अधिक असते. या चारांना शास्त्रज्ञांनी पाचवी एक अट जोडली आहे. ती म्हणजे, या साऱ्याचा उलगडा दुसऱ्या एखाद्या कारणाने होत नसावा.

ही पाचवी अट महत्त्वाची आहे, कारण पायांच्या तक्रारी पुष्कळ असतात आणि त्या सहज एकमेकींत मिसळतात. रात्री पोटरीत एकाएकी गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडून उठतो. ते पाय वळणे होय, अस्वस्थ पाय नव्हेत. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्या नस दबल्यामुळे. बैठक बदलली की त्या जातात आणि रात्रीशी त्यांचा काही संबंध नसतो. परीक्षेच्या दालनात किंवा ग्रंथालयात जो तरुण नकळत गुडघा नाचवीत असतो त्याचीही बहुधा ती केवळ सवय असते. त्याला थांबायला सांगितले तर तो थांबतो आणि थांबल्याने त्याला काही यातना होत नाहीत. अस्वस्थ पायांच्या रोग्याचे तसे नाही. त्याने पाय बळेच स्थिर ठेवले तर आतली तळमळ क्षणोक्षणी वाढत जाते आणि शेवटी त्याला उठावेच लागते. चित्रपटगृह, लांबलेले व्याख्यान, मुंबईहून चेन्नईपर्यंतचा जवळजवळ एका दिवसाचा रेल्वेप्रवास, ही त्याच्यासाठी खरी कसोटीची ठिकाणे.

हा आजार नवा नाही. सतराव्या शतकातील थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने त्याचे वर्णन १६७२ साली लॅटिन भाषेत केले. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे वर्तुळ असते ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. अंथरुणात शिरताच हातापायांची अशी काही उलथापालथ सुरू होते की ते अंथरूण म्हणजे छळाचीच जागा वाटू लागते, अशा आशयाचे त्याचे ते वर्णन आहे. पुढे जवळजवळ दोन शतके त्याची फारशी आठवण कोणाला राहिली नाही. १८६१ साली विटमाक या जर्मन वैद्याने या लक्षणांना पोटऱ्यांची चिंता अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि तो उन्मादाचा प्रकार मानला. म्हणजे रोग्याच्या पायांतील दुःखाचा दोष त्याच्या मनावर गेला. या समजुतीतून रोग्यांची सुटका होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. कार्ल-आक्सेल एकबोम या स्वीडिश मज्जातंतुतज्ज्ञाने १९४५ साली या विकारावर एक प्रबंध प्रसिद्ध केला, त्याची लक्षणे नीट मांडली आणि आज रूढ असलेले नावही दिले. विलिस आणि एकबोम या दोघांच्या नावांनीही हा विकार ओळखला जातो.

मग या विकाराचे मूळ कोठे आहे? तळमळ पायांत जाणवते म्हणून पायांत काही बिघाड असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पायांचे स्नायू, हाडे आणि सांधे बहुधा निर्दोष असतात. खरी गोष्ट मेंदूत घडत असते, आणि तिचा एक प्रमुख धागा लोह या साध्या धातूपर्यंत जाऊन पोहोचतो. एकबोमच्या काळीच हा धागा हाती लागला होता. नॉर्डलँडर या त्याच्या देशबांधवाने १९५३ साली शिरेतून लोह देऊन रोग्यांना आराम पडतो असे दाखविले. २००० नंतरच्या संशोधनाने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. अनेक रोग्यांच्या मेंदूतील काही विशिष्ट भागांत लोहाचा साठा कमी असतो, आणि रक्तातील लोह पुरेसे असतानाही तसे असू शकते.

लोह म्हणताच आपल्याला रक्ताचा तांबडा रंग आठवतो. रक्तातील हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही, हे खरेच. पण मेंदूलाही लोह लागते. मेंदूतील एका पेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारी जी रासायनिक द्रव्ये आहेत त्यांत डोपामिन हे एक आहे. हालचालींवर नियंत्रण ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हे डोपामिन तयार करणाऱ्या विकराला काम करण्यासाठी लोहाची गरज असते. लोहाची उणीव पडली म्हणजे या व्यवस्थेचा तोल बिघडतो. शिवाय डोपामिनचे कार्य दिवसभर सारखे चालत नाही. शरीरातील घड्याळाबरोबर ते चढते आणि उतरते, आणि संध्याकाळनंतर मंदावते. दिवसा गप्प असणारा विकार रात्रीच का डोके वर काढतो, याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी येथे मिळते. आनुवंशिकतेचाही भाग आहेच. तरुणपणी सुरू होणाऱ्या विकारात आईला, वडिलांना किंवा भावंडांना तीच तक्रार असल्याचे वारंवार आढळते, आणि २००७ साली या विकाराशी निगडित अशी काही जनुकेही शोधून काढण्यात आली. कित्येक घरांत एखादी आजी रात्री नातवंडांकडून पाय चेपून घेतल्यावाचून झोपत नसे. तिला म्हातारपणाची दुखणी होती, असे घरच्यांनी धरून चाललेले असते. त्यातल्या काही आज्या याच विकाराने पीडित असतील.

आता प्रश्न असा की, विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत याचा वेगळा विचार कशासाठी करावयाचा? हा विकार वाढत्या वयात अधिक आढळतो, हे खरे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत प्रौढांपैकी शेकडा पाच ते दहा जणांना त्याचा काही ना काही अनुभव येतो. आशियातील प्रमाण सामान्यतः त्याहून कमी आढळते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या एका पाहणीत ते शेकडा सुमारे दोन इतके भरले. प्रश्नावलीवरून केलेल्या पाहण्यांत साधे पाय वळणे आणि मुंग्या येणे यांचीही भर पडते, म्हणून असे आकडे जपूनच वापरावे लागतात. तरीही शेकडा दोन हे प्रमाण जमेस धरले तर पाचशे मुलांच्या वसतिगृहात दहा जण निघतील. आणि ज्यांना हा विकार पुढे आयुष्यभर साथ देतो त्यांच्यापैकी अनेकांना त्याची पहिली चाहूल विशीच्या आतबाहेरच लागलेली असते.

याहून महत्त्वाचे असे की, विद्यार्थिजीवनाची राहणीच या विकाराला खतपाणी घालते. परीक्षेच्या दिवसांत झोपेच्या वेळा मोडतात आणि अपुऱ्या झोपेने पायांची तळमळ वाढते. तळमळ वाढली की झोप आणखी अपुरी होते. जागरणासाठी कॉफी आली. दक्षिणेत कॉफीचे महत्त्व सांगावयास नको. पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात फेसाळत ओतलेली ती कडक कॉफी हा चेन्नईच्या दिनक्रमाचाच भाग आहे. परंतु संध्याकाळनंतर घेतलेल्या कॉफीने आपला त्रास वाढतो असा अनेक रोग्यांचा अनुभव आहे, आणि झोप तर ती लांबवतेच. सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या झोप आणणाऱ्या गोळ्या, ओकारीवरील काही औषधे आणि मनाच्या उदासीनतेवर दिली जाणारी काही औषधे यांनीही हा विकार बळावतो. झोप यावी म्हणून गोळी घ्यावी आणि तिनेच पाय अधिक पेटून उठावेत, असा उलटा प्रकार येथे घडतो.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट पुन्हा लोहाचीच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास या वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. तामिळनाडूत हे प्रमाण शेकडा ५३ च्या आणि महाराष्ट्रात ५४ च्या आसपास आहे. त्या वयाच्या पुरुषांतही चौघांपैकी एकाला रक्तक्षय आहे. सगळाच रक्तक्षय लोहाच्या अभावी होत नाही, पण त्याचे एक मोठे कारण तेच आहे. मासिक पाळीत दरमहा रक्त जाणाऱ्या तरुण मुलीचा लोहाचा साठा सहज आटतो, आणि अस्वस्थ पायांचा विकारही स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. खाणावळीच्या जेवणात भात, सांबार आणि दही असले तरी पालेभाजी थोडी असते. धान्ये आणि डाळी यांतील लोह शरीरात कमीच शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा किंवा कॉफी घेतली की ते आणखी कमी होते. महाविद्यालयातील रक्तदान शिबिरे हे मोठे पुण्यकर्म होय, यात संशय नाही. पण एका वेळच्या रक्तदानात सुमारे दोनशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. म्हणून वारंवार रक्त देणाऱ्याने आपल्या साठ्याची अधूनमधून चौकशी करावी.

ही चौकशी कशी करावयाची, हेही समजून घेतले पाहिजे, कारण येथे फसगत होते. सामान्यतः हिमोग्लोबिन मोजले जाते आणि ते ठीक आले की काळजीचे कारण नाही असे सांगितले जाते. वस्तुतः हिमोग्लोबिन घटते ते शेवटी. कोठारातील धान्य संपत आले तरी स्वयंपाकघरातील डबे काही दिवस भरलेले दिसतात, तसाच हा प्रकार. कोठाराची स्थिती दाखविणारी तपासणी वेगळी आहे आणि तिला फेरिटिनची तपासणी म्हणतात. येथेही एक बारकावा आहे. फेरिटिन एका मिलिलिटरमागे पंधरा किंवा वीस नॅनोग्रॅम असले तरी कित्येक प्रयोगशाळांच्या कागदावर ते सामान्य म्हणून नोंदविले जाते. अस्वस्थ पायांच्या रोग्याच्या बाबतीत मात्र ते पंचाहत्तर किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञ सांगतात. तेव्हा ‘सामान्य’ हा शब्द वाचून समाधान मानणे येथे पुरेसे होत नाही. आकडा कोणता आहे हे पाहावे लागते. शरीरात कोठे दाह किंवा ज्वर असल्यास हा आकडा फुगलेला दिसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

लोह कमी आहे असे ठरले तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे, पण तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. आपल्या देशात थॅलसीमियाचा अंश वाहणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन कमी असते, तरी त्यांना लोहाची उणीव असतेच असे नाही, आणि नको असलेले लोह शरीरात साठून अपाय करू शकते. लोहाची गोळी हल्ली कित्येकदा एक दिवसाआड देतात, कारण तशी ती अधिक चांगली शोषली जाते. तिच्याबरोबर लिंबू किंवा आवळा यांसारखे काही आंबट घेणे हितावह असते. चहाकॉफी मात्र एकदोन तास दूर ठेवावी. गुण यायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. आहारात शेवग्याचा पाला, इतर पालेभाज्या, तीळ आणि मोड आलेली कडधान्ये वाढवावीत. मोड आणल्याने कडधान्यातील लोह शरीराला अधिक सुलभ होते. भिजवून मोड काढलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची आपल्या घरातली पद्धत या दृष्टीने किती योग्य आहे, हे येथे सहज लक्षात येते.

ज्यांचे लोह पुरेसे आहे आणि तरीही त्रास तीव्र आहे त्यांच्यासाठी औषधे आहेत. कंपवातावर वापरले जाणारे लेव्होडोपा हे औषध या विकारावरही उपयोगी पडते असे १९८२ साली दाखविण्यात आले, आणि त्याच जातीची आणखी औषधे पुढे प्रचारात आली. आरंभी ती जादूसारखी वाटत. पण वर्षानुवर्षांच्या वापरानंतर त्यांची एक अडचण लक्षात आली. रात्री येणारी तळमळ संध्याकाळीच, मग दुपारीच येऊ लागते आणि पायांवरून हातांवरही पसरते. म्हणून आता तज्ज्ञ या औषधांऐवजी प्रथम दुसऱ्या वर्गातील औषधांकडे वळतात. कोणत्याही विद्यार्थ्याने मित्राच्या कपाटातील गोळी घेऊन हे प्रयोग करू नयेत, एवढे सांगणे पुरे.

सौम्य विकाराला पुष्कळदा औषध लागतही नाही. झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरलेली असावी, रोज माफक व्यायाम असावा, निजण्यापूर्वी पोटऱ्या ताणाव्यात, चोळाव्यात, कोमट किंवा थंड पाण्याने पाय धुवावेत. मन एखाद्या विषयात गुंतले म्हणजे तळमळ कमी भासते, असाही रोग्यांचा अनुभव आहे. म्हणून संध्याकाळी स्थिर बसावे लागणारच असेल तर कंटाळवाणे काम त्या वेळी ठेवू नये. यांतले कित्येक उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्यांना कारण ठाऊक नव्हते, आणि आज ते ठाऊक आहे.

उरते ती इतरांची जबाबदारी. व्याख्यान चालू असताना एखादा विद्यार्थी शेवटच्या बाकामागे जाऊन उभा राहतो, तो उर्मटपणाने नसेल. रात्री एक वाजता जो वसतिगृहाच्या व्हरांड्यात फेऱ्या घालतो तो शिस्तभंग करीत नसेल. त्याला कडेची जागा मिळावी, मध्येच उठण्याची मुभा असावी, आणि विद्यापीठाच्या दवाखान्यात त्याला चार साधे प्रश्न विचारले जावेत: पाय हलवावेसे वाटतात का, विश्रांतीच्या वेळी वाटतात का, हलविल्याने बरे वाटते का, आणि रात्री त्रास वाढतो का? या चारही प्रश्नांना होय असे उत्तर आले तर पुढची पायरी रक्ताच्या एका तपासणीची आहे. गिंडीसारख्या विद्यानगरीत असा दवाखाना विद्यार्थ्याच्या खोलीपासून फार दूर नसतो. आपले दुःख सांगितल्यास कोणी हसणार नाही, एवढा विश्वास त्याला असला म्हणजे तो तेथपर्यंत जाईल.